आमदारांचं पत्रक आणि शाळेची खोली

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन संपलं की आमच्याकडचे आमदार मतदारसंघात फिरतात आणि वर्षभरात काय झालं त्याचं पत्रक वाटतात. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी. त्या वर्षीच्या पत्रकात शाळाखोल्या होत्या, अतिथी शिक्षक, शिष्यवृत्त्या, गृहलक्ष्मी, म्हणजे घरातल्या कर्त्या बाईला दरमहा पैसे देणारी कर्नाटकची योजना, बांधकाम कामगारांच्या मुलांना मिळणारी मदत, रस्ते, समुदाय भवनं असं सगळं होतं. मी तेव्हा गावच्या सरकारी मराठी शाळेच्या एसडीएमसीची, म्हणजे शाळा सुधारणा समितीची अध्यक्ष होते. त्या पत्रकातलं आमच्या शाळेपर्यंत काय येऊ शकतं आणि त्यासाठी कुठे जायचं, एवढंच मला हवं होतं. पुढे जे झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण सीमाभागातल्या पुष्कळ मराठी शाळांच्या समित्यांना आज ना उद्या याच वाटेनं जावं लागणार आहे.

गाव बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीजवळ. पाऊस घाटाचा. शाळा पहिली ते सातवी, चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं. एका खोलीच्या वाशांना वाळवी लागली होती आणि मागची भिंत बाहेर झुकली होती. जून ते सप्टेंबर त्या खोलीत कुणाला बसवत नव्हतो. तिसरी आणि चौथी व्हरांड्यात बसायची आणि झड आली की मुलं पाटी-दप्तर उचलून भिंतीला चिकटायची.

सभा देवळासमोरच्या मंडपात झाली. बायकांनी गृहलक्ष्मीच्या हप्त्यांचं विचारलं, तरुण मंडळानं व्यायामशाळा मागितली. माझी पाळी आली तेव्हा मी खोलीचं बोलले. आमदारांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, जागा शाळेच्या नावावर आहे काय? उतारा बघितलाय?" मी म्हटलं, "काढून आणते साहेब."

त्यानंतर त्यांनी जे समजावून सांगितलं त्याचा मला फार उपयोग झाला. कर्नाटकात आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला २ कोटी रुपये असतात आणि ते सगळ्या मतदारसंघासाठी. हे पैसे आमदाराच्या हातात येत नाहीत. आमदार कामाची शिफारस करतो, मंजुरी जिल्हाधिकारी, म्हणजे आमच्या बोलण्यातले डीसी, देतात आणि काम सरकारी यंत्रणा करते. जागा सरकारी नसेल तर फाईल तिथेच थांबते. शिक्षक नेमणं आमदाराच्या हातात नाही. मात्र तालुक्याच्या केडीपी, म्हणजे सरकारी खात्यांच्या कामांच्या आढावा बैठकीचे अध्यक्ष आमदार असतात आणि तिथे शिक्षण खात्याला उत्तर द्यावं लागतं. शिष्यवृत्तीत तर आमदार काहीच करू शकत नाही, तिथे कागद आपलेच बरोबर असावे लागतात.

म्हणजे एकाच पत्रकातल्या तीन ओळींसाठी तीन वेगळी दारं. लोक आमदारांकडे सगळंच एका दमात मागतात आणि मग काहीच झालं नाही म्हणून चिडतात. मला वाटतं, निम्मा राग या एका गोष्टीच्या माहितीअभावी असतो. गावातल्या प्रत्येक समितीनं आधी ही वाटणी समजून घ्यावी.

उतारा काढला. पहाणीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाराच्या, ९ नंबरच्या मालकाच्या कॉलममध्ये शाळेचं नाव नव्हतं. गावातल्याच एका घराण्याच्या आजोबांचं नाव होतं. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हा, म्हणजे १९५६ च्या आधी, त्यांनी शाळेला जागा दिली ती तोंडी. कुणी कागद मागितला नाही, कुणी केला नाही. शाळा उभी राहिली, राज्य बदललं, पिढ्या शिकून गेल्या, आणि कागदावर ती जमीन शेतीच राहिली. आमच्या आसपासच्या गावांत विचारलं तर हीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मिळाली. म्हणून हे वाचणाऱ्या समितीच्या माणसांना मी आधी हेच सांगेन की आमदारांकडे जाण्यापूर्वी शाळेच्या जागेची पहाणी काढून बघा. गावठाणातली जागा असेल तर पंचायतीत ई-स्वत्तूचा, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, नमुना ९ निघतो का ते विचारा.

आमची जागा सर्व्हे नंबरातली होती, त्यामुळे काम लांबलं. आधी त्या घराण्याची वंशावळ करून वारसा लावायचा. मग शाळेखालचा तुकडा मोजून ११-ई, म्हणजे तुकडा वेगळा दाखवणारा मोजणीचा नकाशा घ्यायचा. मग सब-रजिस्ट्रार ऑफिसात शिक्षण खात्याच्या नावे बक्षीसपत्र, आणि शेवटी फेरफार होऊन पहाणीवर नाव. सांगताना चार ओळी होतात. प्रत्यक्षात वंशावळीतच घरोघरी बसावं लागलं. आजोबांना मुलगे होते तशा मुलीही होत्या, आणि मुलींचा हक्क कायद्यानं बरोबरीचा, म्हणून त्यांच्याही सह्या लागणार. मुली दिलेल्या होत्या चंदगडला, गडहिंग्लजला, एक पुण्याला. त्यांच्यातल्या काही हयात नव्हत्या, म्हणून त्यांची मुलं. त्यांचे आधार महाराष्ट्राचे, मृत्यूचे दाखले महाराष्ट्राचे, एकीचं माहेरचं नाव दाखल्यावर वेगळं आणि आधारवर वेगळं. तलाठ्यांपुढे पंचांचे जबाब झाले, नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या जवळच्या कचेरीत, अर्ज झाले.

घरातला कर्ता नातू भला माणूस. त्याच्या मनात मात्र एक शंका होती आणि ती त्यानं स्पष्ट बोलून दाखवली. "वैनी, आज्ज्यानं दिलं ते दिलं, आम्ही मागं घेत न्हाई. पण उद्या पोरं कमी झाली आणि शाळा बंद पडली तर ह्या जागेचं काय करणार सरकार?" आमच्या पट्ट्यात बेळगावचे, गोव्याचे लोक फार्महाऊससाठी जमिनी घेऊ लागले आहेत, गुंठ्याला भाव आला आहे. त्या काळात एवढी जागा सहीविना सोडून देणाऱ्या घराला हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क होता. मुख्याध्यापक गुरुजी, मी आणि तो, आम्ही तिघे मिळून एका वकिलांकडे गेलो. जागा शाळेच्या आणि मुलांच्या शिक्षणाच्या उपयोगासाठीच दिली आहे, असं वाक्य बक्षीसपत्रात स्पष्ट घालून घेतलं. देणाऱ्या आजोबांचं नावही कागदात आलं. त्यावर घरातलं कुणी अडलं नाही.

नोंदणीच्या दिवशी त्या नातवाच्या चंदगडच्या आत्यांना आणायला आम्ही जीप केली. वय झालेलं, गुडघे धरलेले. वाटेत त्यांनी मला विचारलं, "पोरी किती हायत गे शाळेत?" मी वर्गवार सांगत गेले. पोरांपेक्षा पोरी जास्त निघाल्या तशा त्या म्हणाल्या, "मग बरं हाय." हे असं का, ते मला माहीत होतं. आमच्या गावात मुलगा असेल तर व्हॅन लावून इंग्रजी शाळेत धाडतात आणि मुलगी असेल तर गावच्या शाळेत. म्हणजे सरकारी मराठी शाळेची खोली पडली की पहिल्यांदा पावसात बसतात त्या मुली. मी हे सभेतही बोलले आहे आणि इथेही लिहिते. शाळा टिकवायची म्हणतो तेव्हा आपण कुणाच्या शिकण्याबद्दल बोलतो आहोत ते डोळ्यांसमोर असू द्यावं. पुण्याच्या आत्यांना येणं झालं नाही, त्यांनी तिथेच मुखत्यारपत्र नोंदवून पाठवलं. बाकी सगळ्यांचे फोटो निघाले, बोटांचे ठसे झाले, आणि जागा शाळेची झाली.

पुढचं मानानं सोपं गेलं. समितीची बैठक घेऊन ठराव केला. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. आमच्याकडे पूर्वी बायकांची नावं कागदावर असायची आणि सह्या घरी जाऊन घेतल्या जायच्या. या ठरावाला सगळ्या जणी शाळेत येऊन बसल्या. रोजगाराला जाणाऱ्या दोघी होत्या, म्हणून बैठक संध्याकाळी ठेवली. जुनी खोली धोकादायक असल्याचा पंचायत राज अभियांत्रिकी विभागाच्या इंजिनिअरांचा दाखला, पाडण्याची परवानगी, नवीन पहाणी, नकाशा, मुलांची पटसंख्या आणि शाळेचा यू-डायस, म्हणजे सरकारी नोंदीतला नंबर, असं सगळं एका फाईलमध्ये लावून आमदारांच्या कार्यालयात दिलं. फाईल पूर्ण होती म्हणून शिफारसपत्र लगेच निघालं. मंजुरीला मात्र वेळ लागला. एका टेबलावरून दुसऱ्यावर कागद जायला कुणीतरी विचारत राहावं लागतं आणि ते काम मी व गुरुजींनी वाटून घेतलं. शक्ती योजनेमुळे बेळगावला जायला मला एसटीचं भाडं पडत नव्हतं. २०२३ च्या जूनपासून बायकांना बस मोफत झाली त्याचा गावकामासाठी किती उपयोग होतो हे मी अनुभवलं आहे. समितीतल्या इतर जणीही माझ्याबरोबर कचेरीत यायला लागल्या. त्याआधी असं कधी झालं नव्हतं.

काम चालू असताना दोन वर्ग देवळाच्या सभामंडपात भरले. स्लॅब पडल्यावर पाणी मारायचं काम पालकांनी आळीपाळीनं केलं. ठेकेदाराचा माणूस येवो न येवो, पाणी चुकू दिलं नाही. सिमेंटच्या कामात पैसा सरकारचा असला तरी डोळा गावाचा लागतो, हे गुरुजींचं म्हणणं होतं आणि ते मला पटलं.

शिक्षकांची गोष्ट वेगळी. सात वर्गांना शिक्षक दोन, त्यातले एक मुख्याध्यापक, आणि त्यांचा निम्मा वेळ कागदपत्रांत आणि माध्यान्ह जेवणाच्या हिशेबात. कायदा सांगतो की पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, आणि सहावीपासून गणित-विज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा यांना प्रत्येकी एक हवा. जागा रिकाम्या असल्या की खातं तालुक्याला अतिथी शिक्षकांचा आकडा देतं, बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, तो शाळांना वाटतात, आणि निवड मुख्याध्यापक व समितीनं करायची असते. वाटप पटावर होतं आणि पट बघितला जातो तो एसएटीएस या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीच्या प्रणालीत. म्हणून जूनच्या पहिल्या दिवसांतच सगळ्या मुलांची नावं तिथे चढली आहेत का हे आम्ही गुरुजींबरोबर बसून पाहिलं. बदलून आलेल्या मुलांची नावं जुन्या शाळेतून सुटली नव्हती, ती मागे लागून सोडवून घेतली. त्या चार-दोन नावांवर एक शिक्षक ठरतो.

केडीपी बैठकीच्या आधी आम्ही आमदारांना निवेदन दिलं. त्यात गाऱ्हाणं कमी आणि आकडे जास्त ठेवले. कुठल्या इयत्तेत किती मुलं, मंजूर पदं किती, भरलेली किती. जवळच्या गावांच्या समित्यांनाही तसंच लिहायला सांगितलं. एकट्या शाळेच्या निवेदनापेक्षा शेजारच्या पाच-सहा मराठी शाळांचा एकत्र तक्ता बैठकीत मांडायला सोपा जातो. आम्हाला एक अतिथी शिक्षिका मिळाली. शेजारच्या गावची, मराठी माध्यमातून शिकलेली, डी.एड. झालेली मुलगी. तिचं मानधन वेळेवर होत नाही आणि दरवर्षी तिची नेमणूक नव्यानं होते. तरीही ती टिकून आहे. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. अशा मुलींच्या खांद्यावर आमच्या शाळा चालल्या आहेत आणि त्यांना कायमचं करणं हे आमदारांनी विधानसभेत लावून धरावं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

कन्नडबद्दल एक बोलायला हवं. कन्नड शिकवणारं माणूस चांगलं मिळावं, हीदेखील आमच्या निवेदनातली मागणी होती. काहींना ते आवडलं नाही. पण आमची मुलं नाडकचेरीत जाणार, बसमध्ये बसणार, बेळगाव-हुबळीत नोकरी शोधणार, त्यांना कन्नड नीट आलंच पाहिजे. आणि ती शिकणार मात्र मराठीतून, कारण लहान मुलाला गणित कळतं ते घरच्या भाषेत. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी, असं घटनेचं ३५० अ कलम सांगतं. हक्क मागताना या दोन गोष्टींत मला कधी विरोध दिसला नाही.

पत्रकातली शिष्यवृत्तीची ओळ सगळ्यात लहान होती आणि घरोघरी सगळ्यात जास्त काम त्यातच निघालं. अर्ज एसएसपी, म्हणजे राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. त्याला मुलाचा एसएटीएस नंबर, मुलाचं आणि आई-वडिलांचं आधार, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे आरडी नंबर, म्हणजे दाखल्यावर छापलेले क्रमांक, लागतात. उत्पन्नाचा दाखला पाच वर्षांनी संपतो, ते लोकांच्या लक्षात राहत नाही. आमच्याकडे बहुतेक घरं मराठा, म्हणजे कर्नाटकात मागासवर्गाच्या ३ ब गटात. काही घरांत भावाभावांच्या दाखल्यांवर आडनाव वेगवेगळ्या स्पेलिंगनं लिहिलेलं. ग्राम वन, म्हणजे गावातल्या सरकारी सेवा केंद्रातल्या मुलाला आम्ही एक सुट्टीचा दिवस शाळेत बसवलं, पालकांना कागद घेऊन बोलावलं, आणि कुणाचं काय अडलंय त्याची यादी केली.

त्या यादीतून एक गोष्ट कळली ती सीमाभागातल्या प्रत्येक बाईनं ऐकावी. सरकारी पैसे जमा होतात ते आधारला जोडलेल्या खात्यात, आणि एकापेक्षा जास्त खाती असतील तर ज्या खात्याला आधार शेवटी जोडलं गेलं त्यात. आमच्या गावात अर्ध्याहून अधिक सुना चंदगड-आजऱ्याकडच्या. त्यांची लग्नाआधीची खाती माहेरच्या बँकेत आणि आधार तिथेच जोडलेलं. एकजण कितीतरी दिवस म्हणत होती की तिला गृहलक्ष्मीचे महिन्याचे २००० रुपये येतच नाहीत. ते येत होते, माहेरच्या खात्यात. पासबुक भावाच्या घरी ट्रंकेत होतं. तो पैसा तसाच शाबूत निघाला. त्यातून तिनं मुलीला सायकल घेतली. मुलांच्या खात्यांचंही तसंच झालेलं, म्हणून बँकेत जाऊन आधी आधार कुठे जोडलं आहे ते तपासा आणि मगच अर्ज भरा.

गवंडी काम करणाऱ्या घरांना कामगार कल्याण मंडळाच्या कार्डावर मुलांच्या शिक्षणासाठी वेगळी मदत असते. त्यासाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. एका कामावर एक महिना, दुसऱ्यावर पंधरा दिवस असं करणाऱ्यांना तो जमवणं जड जातं, तेव्हा हजेरीची वही स्वतः ठेवलेली बरी.

महाराष्ट्राकडून मिळणाऱ्या सवलती कर्नाटकच्या आमदारांच्या पत्रकात असणार नाहीत हे उघड आहे, पण पालक विचारतात. तिकडच्या इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत महाराष्ट्र हक्क सांगतो त्या वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी वेगळी सोय आहे. तिथे मातृभाषा मराठी असल्याचा पुरावा लागतो. म्हणून पहिलीत नाव घालतानाच शाळेच्या रजिस्टरात मातृभाषेचा रकाना नीट भरला आहे ना ते पाहून घ्या. दहावीनंतर ते दुरुस्त करायला फार त्रास पडतो.

नव्या खोलीत तिसरी-चौथी बसायला लागून आता एक पावसाळा झाला. मुलीचं सातवी झालं म्हणून माझं समितीतलं काम संपलं, पण नव्या अध्यक्षांना मी अजून मदत करते. कंपाऊंडची भिंत रोजगार हमीतून करून मिळावी म्हणून पंचायतीच्या ग्रामसभेत अर्ज दिला आहे, आणि पहाणी शाळेच्या नावावर असल्यानं तिथे कुणी हरकत काढली नाही. मुलींच्या शौचालयाला पाण्याची जोडणी व्हायची आहे. सहावी-सातवीच्या गणिताला अजून शिक्षक नाही, त्याचा तक्ता या वर्षीच्या पटासह नव्यानं केला आहे आणि पुढच्या केडीपी बैठकीआधी तो आमदारांच्या कार्यालयात द्यायचा आहे.